ओवीची टिकली

ओवीच्या अंगात प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हतीच. परके जंतू जवळ आले की तिच्या कपाळावरची जंतू ओळखणारी टिकली लाल व्हायची. ओवीच्या आईची, मृण्मयीची, नणंद राहायला आल्यापासून टिकली रोज नेमकी ओवी जेवतानाच लाल होऊ लागली, आणि मृण्मयीच्या मनात संशयाने घर केलं.

"वन्सं, आज ओवीच्या खोलीबाहेर, काचेपलीकडेच थांबा," तिने सुनावलं.

वन्सं आल्यापासून रोज ताजा शिजणारा मऊ भात निर्जंतुक डब्यात वाफाळत होता. "आई, चटका!" ओवीने तोंड फिरवलं. मृण्मयीने सवयीने मास्क खाली ओढला आणि घास निववला.

टिकली लालभडक झाली.

मृण्मयीने रागाने काचेकडे पाहिलं. वन्संनी फक्त ओठांचा चंबू करून एक फुंकर मारून दाखवली.