पाठीला पाठ

"आता बाकावरून उठा," बाई म्हणाल्या, "आणि जोड्या लावा."

दिवसा ज्या खोलीत तिसरीची मुलं बसतात, तिथेच संध्याकाळी मोठ्यांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. बाक मुलांच्याच मापाचे, त्यामुळे उठताना सगळ्यांचे गुडघे आपटले आणि थोडा हशा झाला. बाईंचं म्हणणं असं की, दोघांत उंच कोण आणि बुटका कोण हे नुसतं फळ्यावर लिहून डोक्यात शिरत नाही. पाठीला पाठ लावून उभं राहायचं, मापायचं, मग इंग्रजीत सांगायचं आणि खाली बसायचं.

त्याआधी घरच्या माणसांवर वाक्यं करून झाली होती. वर्गातल्या नर्सचा भाऊ तिच्याहून मोठा निघाला, किराणावाल्याची धाकटी मुलगी थोरलीहून हुशार. टेलरकाकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, माझी कात्री माझ्या सुईपेक्षा जड आहे. बाईंनी समजावलं, अहो, घरातली माणसं घ्या. काका म्हणाले, माणसं असती तर कात्री कशाला घेतली असती. सगळे हसले. काकाही हसले, कारण विनोदी माणूस म्हणून त्यांचं नाव होतं आणि नाव राखावं लागतं. त्यांच्या मागे बसलेल्या बस ड्रायव्हरने मग आपल्या बसवरच भागवलं: माझी बस माझ्यापेक्षा म्हातारी आहे. त्यालाही लोक हसले. बाईंनी दोघांना एकाच माळेचे मणी ठरवलं आणि आता जोड्या लावताना एकत्र उभं केलं.

ड्रायव्हर ताडमाड. काका जेमतेम त्याच्या खांद्याला लागतील. त्यात काकांनी जन्मभर माणसंच मापली होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती आणि बाही त्यांना कळलेली असायची, टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. अर्ध्या वस्तीच्या अंगाला त्यांचे हात लागले होते. त्यांच्या अंगाला मात्र, बायको गेल्यापासून, कुणाचा हात लागला नव्हता. शिवलेला कपडा देताना बोटाला बोट लागायचं, तेवढंच.

दोघे वळून उभे राहिले आणि पाठीला पाठ लागली. दिवसभर सीटला टेकून ड्रायव्हरची पाठ तापलेली होती, नुकती इस्त्री फिरवलेल्या कापडासारखी. ती ऊब शर्टातून काकांच्या पाठीत उतरली. ड्रायव्हरने श्वास घेतला की ती पाठ त्यांना हलकेच ढकलायची, सोडला की सैल व्हायची. इतके दिवस आपण गारठलेलो होतो हे काकांना आत्ता कळलं. आपल्याला इथे, सगळ्यांसमोर, रडू येईल की काय अशी त्यांना भीती वाटली.

बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी दोन्ही डोक्यांवर लाकडी पट्टी धरली. पट्टीची घसरगुंडी झाली. बाई म्हणाल्या, यात विचार करण्यासारखं काही नाही, सांगा काका.

वाक्य काकांना येत होतं. दुपारी दुकानात कुणी नसताना मशीन चालवत ते त्यांनी घोकून ठेवलं होतं. बाकीच्या जोड्या पटापट सांगून खाली बसत होत्या.

"आय ॲम टॉलर दॅन हिम," काका म्हणाले.

वर्गात हसण्याची लाट आली. बाईंनी पुन्हा वळून उभं राहायला सांगितलं, पुन्हा पट्टी धरली. काकांनी डोळे मिटून घेतले. या वेळी त्यांनी जरा जास्त वेळ लावला आणि मग सांगितलं की ड्रायव्हरच त्यांच्याहून बुटका आहे. बाई म्हणाल्या, इंग्रजी बरोबर आहे हो तुमचं, पण डोळे तपासून घ्या. नर्सने, मी चष्म्याचा नंबर काढून देते, अशी पुस्ती जोडली. काका हसले, पण जागचे हलले नाहीत.

ड्रायव्हर हसला नाही. मागे त्याने काकांकडे पँट शिवायला टाकली होती, तेव्हा तो दारात उभा असतानाच काकांनी लांबूनच सांगितलं होतं की तुमचा डावा पाय किंचित लांब आहे. आणि तो होताच. त्याने मान वळवून काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

बाईंचा धीर सुटत चालला होता. अजून वर्गात सर्वांत उंच कोण, सर्वांत बुटका कोण, ते सगळं शिकवायचं राहिलं होतं. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, आता तुम्हीच सांगा आणि दोघंही बसा.

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. आधी छताकडे पाहिलं, मग काकांच्या पांढऱ्या टाळूकडे, जी त्याच्या हनुवटीच्याही खाली होती.

"बाई, मलाही नीट कळलं नाही," तो म्हणाला. "परत मापतो आम्ही."

बाईंनी कपाळाला हात लावला. कळलं की सांगा म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. बाकी सगळे बसले होते. खोलीत हे दोघेच उभे होते.

ड्रायव्हर वळला. त्याने पाठ लावली आणि खांद्याला खांदा लागावा म्हणून गुडघे चांगलेच वाकवले. मग काकांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "सावकाश होऊ द्या, काका. घरी जाऊन मलाही कुलूपच उघडायचंय."