पहाटे चिकटवलेला टायर

१९६९ साल. मिलच्या संघातून सायकल शर्यती मारणाऱ्या महिपतीचे टायर बायको शालनच रिमवर चिकटवायची. सोल्यूशन वाळायला पुरा दिवस लागे. पुण्याची शर्यत जिंकली, की रेल्वेत कायमची नोकरी होती. पण आदल्या दिवशी लेकरू तापानं फणफणलं आणि शालननं टायर शर्यतीच्या पहाटे चिकटवला.

“वाळलंय ना गं?”

“कालच लावलंय. निघा आता, माझं डोकं खाऊ नका.”

घाट उतरताना तो सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर टायर निसटला.

इस्पितळात कोचनं विचारलं, “टायर कुणी चिकटवला?”

शालननं तोंड उघडायच्या आत महिपती म्हणाला, “मीच. त्याच पहाटे.”

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महिपती मरेपर्यंत मिलचा पहारेकरी राहिला. लेक नाशिकला मास्तर झाला. शालन ऐंशीची आहे. पहाटेचं त्याला कसं कळलं, हे विचारायचा तिला कधी धीर झाला नाही.