बंद दाराआडची तोड

"पुन्हा सांग. त्याने हात कुठे धरला?"

"मनगटाला."

"मग तू काय केलंस?"

"कोपर मारलं, बाबा."

"कोपर मारलं!" म्हातारा मंग अंगणात थुंकला. "तू कोपर मारलंस, तर तो चोर उभा राहिलाच कसा?"

लानयिंगचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. भुवईवर तीन टाके. तीन दिवसांपूर्वी ती अशीच माहेरी आली होती. कालव्याच्या वाटेवर कुणा चोराने गाठलं, एवढंच तिने सांगितलं. तेव्हापासून मंगच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. छांगचौजवळच्या त्या गावात त्याचं घराणं पाच पिढ्या बाजीछ्वान शिकवत होतं. अंगाला अंग भिडवून, खांद्याने आणि कोपराने लढायची ती विद्या. लान पाच वर्षांची असल्यापासून ती गिरवत आली होती. आणि काल बाजारात गाढवाच्या मटणाची भाकरी विकणाऱ्यानेसुद्धा सगळ्यांदेखत विचारलं, "काय मंगकाका, तुमच्या विद्येला भुरट्या चोराने लोळवलं म्हणे?"

"तोंडाने सांगू नकोस, करून दाखव," मंग खेकसला. सकाळच्या सरावाला आलेले सात-आठ शिष्य अवघडून बाजूला झाले. त्यातल्या एकाला त्याने खूण केली. "चल, तू चोर हो."

"तो नको," लान म्हणाली. "ज्येनलिनला सांगा."

ज्येनलिन तिचा नवरा. मंगचा सगळ्यात लाडका शिष्य, बारा वर्षं याच अंगणात घाम गाळलेला. बायकोला घरी न्यायला तो त्याच सकाळी आला होता, सासऱ्यासाठी वाळवलेल्या बोरांची पिशवी घेऊन. त्याने पिशवी खाली ठेवली.

"शिफू, राहू द्या ना," तो हसत गुरूला म्हणाला. "हात दुखतोय तिचा."

"दुखू दे! धर तिला."

ज्येनलिनने तिचं डावं मनगट अलगद धरलं. लान हललीच नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मंगचं डोकं फिरलं.

"अरे, चोर काय तिचा हात धरून फिरायला निघाला होता? ओढ तिला! आणि तू गं, झोपलीस का? इतकी वर्षं काय भिंतीला शिकवत होतो मी?"

ज्येनलिनने हिसका दिला.

लान फिरली. पाय आपटून ती थेट त्याच्या छातीत घुसली, कमरेचा सगळा जोर कोपरात आला. मंगच्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं. घाव तंतोतंत होता. त्याच्या बापानेसुद्धा यात खोट काढली नसती. म्हणजे पोर खरंच सांगत होती.

पण कोपर लागलंच नाही. ज्येनलिन त्या घावाबरोबरच वळला, त्याचा हात तिच्या काखेखालून गेला, मनगट पाठीवर पिळलं गेलं आणि लान गुडघ्यांवर आदळली. त्याने विचार करून केलं नव्हतं. त्याच्या हातांना ते पाठ होतं.

मंग मुलीच्या पिळलेल्या हाताकडे बघत होता. मग त्याची नजर दुसऱ्या हाताच्या प्लास्टरवर गेली.

"त्याने असंच केलं?" त्याने विचारलं.

"अगदी असंच. फक्त तेव्हा सोडलं नाही."

ज्येनलिनने चटका बसल्यासारखा तिचा हात टाकला.

कोपराच्या घावावरची ती तोड मंगला त्याच्या बापाने बंद दाराआड शिकवली होती. घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून मंगने ती पोटच्या मुलीलाही दिली नव्हती. मुलगी काय, परक्या घरी जाणार. वारस म्हणून निवडलेल्या एकाच शिष्याला ती दिली होती.

"सगळे बाहेर व्हा," तो म्हणाला. "तूसुद्धा."

"शिफू, ऐका तरी, मी..."

"बाहेर!"

मंगने अंगणाचं दार लावलं. तो परत आला आणि लानसमोर मातीत बसला.

"त्या तोडीवरही तोड आहे," तो म्हणाला. "ऊठ. आज शिकवतो तुला. डाव्या हाताने शीक."

लान उठली. तिने एका हाताने गुडघ्यांवरची माती झटकली, आणि मग बापाला उठवायला तोच हात पुढे केला.

"आता शिकवू नका, बाबा. पोलीस चौकीत चला. ती तोड आयुष्यात तुम्ही कुणाकुणाला शिकवलीत, तेवढंच तिथे सांगा."