चाकाला चाक

दृष्टी गेल्यापासून आजोबा टीव्हीवरची मोटारींची शर्यत नातीच्या डोळ्यांनी बघत.

"आजोबा, निळी लालच्या चाकाला चाक लावून आली... घुसली आतून! गेली पुढे!"

आजोबांच्याही मुठी आवळलेल्या.

शर्यत संपली तसा मुलगा आत आला. "बाबा, मोबाइलवर पाहिली. कसली रटाळ! ज्या क्रमाने सुटल्या, त्याच क्रमाने पोचल्या. एकीनेही दुसरीला मागे टाकलं नाही."

नातीची नजर आजोबांकडे वळली.

गॅरेजात हयात गेलेल्या आजोबांच्या कानांनी इंजिनांचा तोच तो क्रम प्रत्येक फेरीला ओळखला होता. त्यांनी चाचपडत तिचा हात हातात घेतला.

"तुझं लक्ष नसेल रे. हिने मला अकरा वेळा दाखवलं. अकरा ना गं?"

"बारा," ती हळूच म्हणाली.