तापीरची पाटी

"फुमिएबाई, ही पाटी पुन्हा वर सरकली का हो?" प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख कुमागाई आखूड सोंडेच्या तापीरच्या कुंपणापाशी थबकले. "पाटी आहे की बांबूचा कोंब? दर वसंतात वाढतेच आहे! बाकीच्या बघा, जागच्या जागी."

फुमिए स्क्रू आवळत होती. "मुलं हल्ली उंच होतात, साहेब."

"आणि अवघड, चिनी वळणाची कांजी अक्षरंही वाढवलीत. पहिलीतल्या पोरानं वाचायचं कसं?"

"त्याच्यासाठी चित्रं आहेत की."

कुमागाई मान हलवत निघून गेले. तिच्याशी वाद घालण्यात हशील नव्हतं. ती येण्याआधी इथल्या पाट्यांवर प्राण्याचं नाव, देश आणि आहार एवढंच असायचं. लोक नाव वाचून पुढं सटकायचे. फुमिएनं पाट्या हातानं लिहायला घेतल्या. तापीरच्या पिल्लाच्या अंगावर कलिंगडासारखे पट्टे असतात. आई मात्र अर्धी काळी, अर्धी पांढरी. तिनं पिल्लाचं चित्र काढलं, खाली तीन वेगवेगळ्या प्राण्यांच्या झडपा लावल्या आणि लिहिलं, 'माझी आई कोण, ओळखा पाहू?' लोक झडपा उघडायचे, चुकायचे, खो खो हसायचे आणि मग कुंपणाशी रेंगाळून खरा तापीर निरखायचे.

नवी पाटी लागली की फुमिए समोरच्या बाकावर डबा घेऊन बसायची. कोण कुठं थांबतं, कुठं कंटाळतं, हे भाताची ओनिगिरी खाता खाता बघायची.

दर वसंतात शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी मात्र ती बाकावर नसायची. त्या दिवशी ती कुंपणाशेजारच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत, दाराच्या फटीशी उभी असायची.

त्या रविवारी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन यायचा. पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत होती. तिनं आधी रानडुकराची झडप उघडली.

"बाबा, पिल्लू आईसारखं दिसतच नाही!"

"मोठं झालं की दिसतं," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "चल कोतोहा, उशीर होतोय."

ती दोघं वळणाआड गेली तरी फुमिए फटीशीच होती. तापीरची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या तोकुदाबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला.

"अगं, बाहेर जाऊन बोल की. एवढी मन लावून वाचत होती पोर."

"वाचणाऱ्याला लिहिणारा दिसू नये."

"हे आणि कुणी सांगितलं?"

"ठरलंय तसं," फुमिए म्हणाली. त्या दिवशी डबा तिनं तसाच घरी नेला.

वर्षं गेली. मुलीच्या पाठीवरचं दप्तर जाऊन अंगावर माध्यमिक शाळेचा गणवेश आला. आता ती बोट न ठेवता वाचायची. बाप दर वर्षी चार पावलं लांब उभा राहायचा आणि दाराकडं पाठ करून तलावातली बदकं बघायचा.

या वसंतात ती एकटीच आली.

पाटी सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. पुढं गेली नाही. सरळ खोलीकडं आली आणि तिनं दार वाजवलं. तोकुदाबाई चारा द्यायला गेल्या होत्या. फुमिएला उघडावंच लागलं.

"ती पाटी तुम्ही लिहिता?"

"हो." फुमिएनं पाटीकडं पाहिलं. "काही चुकलंय का तिच्यात?"

"नाही. तेच तर विचारायचं होतं. मैत्रिणींबरोबर आले की कुणाला वाकावं लागतं, कुणाला टाचा उंचवाव्या लागतात. मला कधीच नाही. अगदी पहिल्यांदा आले तेव्हासुद्धा नाही. अक्षरं बरोबर माझ्या डोळ्यांसमोर असतात."

"योगायोग असेल," फुमिए ॲप्रनला हात पुसत म्हणाली. हात कोरडेच होते.

मुलगी एक पाऊल आत आली. दोघींचे डोळे एका रेषेत आले.

"पुढच्या वर्षी पाटी वर नेऊ नकोस, आई," ती म्हणाली. "माझी उंची वाढायची थांबलीय."