मागं बघायचं नाही

देवीच्या टेकडीच्या निम्म्या पायऱ्या उतरल्यावर द्वारकाबाईंच्या मागून येणारा यजमानांच्या काठीचा आवाज थांबला.

पण मागं बघायची सोय नव्हती. फार पूर्वी देवी पैंजण वाजवत एका भक्तापाठोपाठ त्याच्या घरी निघाली होती. आवाज थांबला म्हणून त्यानं वळून पाहिलं, आणि ती इथंच राहिली. तेव्हापासून उतरताना जो मागं बघतो, त्याच्या घरी देवी येत नाही म्हणतात. यंदा तर ती यायलाच हवी होती. यजमानांच्या बायपासला सहाच महिने झाले होते.

"अहो, येताय ना?"

वाऱ्यात उत्तर ऐकू आलं नाही. बाई गर्रकन वळल्या.

यजमान पाठमोरे उभे होते, कपाळावर हात आडवा धरून देवळाकडं बघत.

"देवी खरंच निघालीय का, ते बघत होतो गं."

"धन्य आहे तुमची!" बाईंनी यजमानांना दंडाला धरून पुढं घातलं. "व्हा पुढं. मी येते मागनं."

द्वारकाबाईंची जोडवी पायऱ्यांवर वाजू लागली.

"आणि खबरदार, मागं बघाल तर!"