कोणाच्या आदेशावरून

यास्नाने लिहिलेल्या ‘बोर्रा’, म्हणजे ‘पुसून टाक’, या संगणकाच्या आज्ञेला मिटवायच्या आधी विचारायची खोड होती. नगरपालिकेच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतली कोणतीही फाइल या एकाच आज्ञेने जायची, आणि गेली की मागे नोंद उरायची. संचालक ओयार्सून यांना ही खोड नको होती. आज्ञेपुढे आडवी रेघ आणि एक अक्षर टाकलं की विचारणं बंद, नोंदही बंद, असा पर्याय त्यांनी शुक्रवारपर्यंत मागितला होता.

कोणत्या फाइलींसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. खाणीखालच्या वस्तीत नळाच्या पाण्यात आर्सेनिक निघालं होतं आणि पोरांच्या हातांवर चट्टे उठले होते. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावरचा नेल्सन तिला समजावत होता. एक अक्षर तर आहे, देऊन टाक. घर चालवायचंय ना तुला?

शुक्रवारी ओयार्सून स्वतः आले. यास्नाने खुर्ची रिकामी करून दिली. त्यांनी आज्ञा टाइप केली, रेघ मारली, अक्षर टाकलं. पडद्यावर ओळ आली: कोणाच्या आदेशावरून?

“हे काय, पोरी?”

“तुम्ही मागितलेला पर्याय, साहेब. बाकी काही विचारत नाही. नाव तेवढं ठेवून घेतो.”

त्यांनी ‘कार्यालय’ असं टाइप केलं. यंत्राने नाकारलं. माणसाचंच नाव लागतं, ती म्हणाली. मग तुझं घाल, ते म्हणाले.

“आदेश माझा नाही.”

त्यांनी आवाज चढवला नाही. हा प्रश्न आत्ता काढ, नाहीतर सोमवारी या खुर्चीत दुसरं कुणीतरी असेल, एवढंच म्हणाले.

“असू दे. सोमवारी तो काढेल. आज मी आहे, मी काढणार नाही.”

खोलीत सगळ्यांच्या माना खाली होत्या. ओयार्सून पुन्हा पडद्याकडे वळले. ओ, य, आ... बोट थांबलं. मग ते उठले आणि वाकून पडद्याची वायर भिंतीतून उपटली.

काळ्या पडद्यासमोर यास्ना हाताची घडी घालून उभी राहिली.

नेल्सन उठला. टेबलाखाली शिरला, वायर पुन्हा खोचली आणि गुडघे झटकत उभा राहिला. पडदा उजळला.

“साहेब,” तो म्हणाला, “आडनाव अर्धंच राहिलंय.”